टायगने भरलेले आठ फॉर्म

आमच्या पॅरिशमध्ये, म्हणजे आमच्या चर्चच्या पंचक्रोशीत, कुणालाही "कसं काय?" विचारा, उत्तर एकच: "वाईट नाही." पाय मोडला तरी वाईट नाही, लॉटरी लागली तरी वाईट नाही. माझे वडील शेवटच्या घटका मोजत होते तेव्हा फादरनी कपाळाला अखेरच्या संस्काराचं तेल लावता लावता विचारलं, "मिक, कसं वाटतंय?" वडील म्हणाले, "वाईट नाही, फादर," आणि दहाव्या मिनिटाला गेले. त्यामुळे माझा नवरा टायग आतून खचलाय हे कळायला मला वर्ष लागलं. यात दोष माझा किती आणि पॅरिशचा किती, ते देवच जाणे.

झालं असं की त्याच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरने गाई सांभाळायचं काम बंद करायला सांगितलं. बेचाळीस गाई एका सकाळी ट्रकमध्ये चढल्या. त्या दिवशी हा माणूस चुलीसमोरच्या खुर्चीत बसला तो बसलाच. जेवायचा, रविवारी चर्चला यायचा, विचारलं तर वाईट नाही म्हणायचा. फक्त हसायचा नाही. टायग हसायचा तेव्हा आधी खांदे हलायचे, मग बराच वेळ आवाजच नाही, आणि शेवटी किटली उकळावी तशी शिट्टी. स्वतःचाच विनोद सांगताना तो अर्ध्यात हसायला लागायचा, त्यामुळे चाळीस वर्षांच्या संसारात त्याच्या एकाही विनोदाचा शेवट मी ऐकलेला नाही. ती शिट्टी बंद होऊन दोन वर्षं झाली होती. मला ती परत हवी होती, बाकी काही नको होतं.

एका रविवारी फादरनी प्रार्थनेनंतर एक सूचना वाचली. कॉर्क शहराहून संशोधक येणार होते. पोटात चांगले जंतू गेले तर मन हलकं होतं का, हे त्यांना तपासायचं होतं. आठ आठवडे रोज सकाळी एक पाकीट गार दुधात ढवळून प्यायचं आणि दर रविवारी एक फॉर्म भरायचा. निम्म्यांना खरी पावडर, निम्म्यांना नुसतं पीठ, आणि कुणाला काय ते शेवटपर्यंत कुणालाच कळणार नाही. मी चर्चच्या दारातच टायगचं नाव लिहून टाकलं.

"माझ्या पोटाला काही झालेलं नाही," तो गाडीत म्हणाला.

"मग तोंडाला काय झालंय? दोन वर्षं कुलूप आहे त्याला."

"वाईट नाही मी."

मी गिअर असा बदलला की गाडी किंचाळली.

पाकिटं घेऊन आली ती डॉक्टर ग्रान्या. वय असेल तिशीचं, पायात पांढरे बूट. आमच्या अंगणात पांढरे बूट घालून उतरणाऱ्या माणसाची मला कीव येते. पण पोरगी गोड होती. तिने समजावलं की पोट आणि डोकं यांच्यामध्ये एक लांबलचक नस आहे, त्यावरून दोघांचं बोलणं चालतं, आणि त्या बोलण्यात जंतूही भाग घेत असावेत.

"घेत असावेत म्हणजे? घेतात की नाही?" मी विचारलं.

"तेच तर शोधतोय आम्ही, फिल. आशा आहे, खात्री नाही," ती म्हणाली. "आणि एक विनंती. फॉर्म त्यांचा त्यांनाच भरू द्या. तुम्ही वाचायचा नाही."

मी मान डोलावली. वचन म्हणजे वचन.

पहिले दोन आठवडे काही फरक नाही. टायग ग्लास घेऊन खिडकीशी उभा राहायचा, माझी पाठ वळली की ग्लास रिकामा. खिडकीतल्या कुंडीतलं जिरेनियम मात्र त्या दिवसांत फार तरारलं, आणि मी अक्कल गहाण ठेवल्यासारखी त्याचं श्रेय पावसाला दिलं.

तिसऱ्या आठवड्यात शेजारच्या बॅटीने आमच्या रिकाम्या गोठ्यात एक वासरू आणून टाकलं. अवेळी जन्मलेलं, आईने लाथाडलेलं, हगवणीने पार चिंधी झालेलं. गुरांच्या डॉक्टरने हात टेकले होते. "माझ्याकडे जागा नाही," बॅटी म्हणाला. "दोन दिवसांचा प्रश्न आहे, तुझ्याकडे शांतपणे मरेल." असा हा शेजारधर्म. मी भांडायला निघाले होते, पण टायग म्हणाला, "राहू दे," आणि टोपी चढवली.

त्याच आठवड्यात पावडर लागू पडली. मी या डोळ्यांनी पाहिलं. टायग साडेसहाला उठायला लागला. ग्लास घेऊन गोठ्यात जायचा, औषध घेताना बायकोने पाहू नये म्हणून जात असेल, असं मला वाटलं. पुरुषांना असल्या गोष्टींची लाज असते. चौथ्या आठवड्यात त्याने न सांगता दाढी केली. पाचव्या आठवड्यात दुसऱ्यांदा बटाटे मागितले. एकदा तर उद्या पाऊस आहे का, असं आपणहून विचारलं. आमच्याकडे पाऊस असतोच, पण विचारलं ना.

माझे पाय जमिनीवर राहिले नाहीत. दूध डेअरीच्या दुकानात भेटेल तिला मी पोटातल्या नसेचं व्याख्यान दिलं. आणि नवऱ्याला एवढं मिळतंय तर आपण का मागे राहायचं, म्हणून बरणीभर कोबी मिठात आंबत घातला. ऊब लागते म्हणतात, म्हणून बरणी ठेवली बॉयलरच्या कपाटात, धुतलेल्या चादरींमध्ये. चार दिवसांनी बरणी फुटली. त्या रविवारी मी चर्चमध्ये ज्या बाकावर बसले, त्याच्या मागचे दोन बाक हळूहळू रिकामे झाले. मला त्याचं काही वाटलं नाही. टायग बरा होत होता, अख्खं चर्च रिकामं झालं असतं तरी चाललं असतं.

आठवा फॉर्म टपालात पडला आणि चार दिवसांनी डॉक्टर ग्रान्या हजर. या वेळी रबरी बूट घालून. हातात फॉर्मची चळत.

"टायग कुठे आहेत?" तिने विचारलं. "बरे आहेत ना?"

"उत्तम आहे. का गं?"

"फिल, आमच्याकडे दोनशे माणसं आहेत. जवळजवळ सगळ्यांनी सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर लिहिलंय."

"वाईट नाही."

"वाईट नाही," ती सुस्कारा टाकून म्हणाली. "टायगनीही पहिल्या दोन फॉर्मवर तेच लिहिलं. पण तिसऱ्यापासून... आम्ही यांच्या प्रती भिंतीवर लावल्यात. आता वाचलं तर चालेल तुम्हाला."

मी चष्मा लावला. अक्षर टायगचंच होतं, शाळेतल्यासारखं ठसठशीत.

'झोप कशी लागते? उत्तम. पेंढ्यावर.'

'भूक? बादली चाटूनपुसून. नंतर बादलीचं हँडल.'

'रडू येतं का? बॅटी दिसला की.'

'व्यायाम? शेपटी वर करून कुंपणाला तीन फेऱ्या.'

'नवीन ओळखी, लोकांत मिसळणं? मांजराला चाटलं. मांजराला आवडलं नाही.'

"आधी वाटलं, शेतकरी माणूस आहे, कवी असेल," ग्रान्या म्हणाली. "पण मांजरावर आमची मीटिंग झाली. दीड तास."

तेवढ्यात मागच्या दारातून टायग आला. त्याच्या मागोमाग, आपलंच घर असल्यासारखी, तुकतुकीत तांबडी कालवड आली आणि थेट डॉक्टरबाईंच्या कोटाची बाही चोखायला लागली.

मी एकदा हातातल्या फॉर्मकडे पाहिलं, एकदा कालवडीकडे.

"टायग," मी म्हणाले, "पाकिटं कुणी खाल्ली?"

"फॉर्मवर लिहिलं होतं, पावडर घेणाऱ्याने उत्तरं द्यावीत," टायग म्हणाला. "तिला लिहिता येत नाही. मी विचारून लिहिलं."

"तुम्ही स्वतः एकदाही घेतली नाही?" ग्रान्याने विचारलं.

"माझ्या पोटाला काही झालं नव्हतं, पोरी. हिच्या झालं होतं. चांगली वस्तू, वाया कशाला घालवायची?" मग खिडकीकडे बघत, "पहिल्या दोन आठवड्यांची जिरेनियमला घातली. ते चुकलंच."

मला इतका राग आला की हातातला कप मी दोनदा धुतला. पाच आठवडे मी देवाचे आणि जंतूंचे आळीपाळीने आभार मानत होते. नसेवर व्याख्यानं देत होते, कोबीच्या वासात चर्चला जात होते. आणि हा माणूस बरा झाला होता तो एका वासरासाठी पहाटे उठून. मला आनंदही झाला होता, पण तो मी त्या दिवशी दाखवला नाही. दाखवायला मी आमच्या पॅरिशबाहेर जन्मायला हवं होतं.

ग्रान्या बिचारी फॉर्मच्या चळतीवर हनुवटी टेकून बसली. तिचा एक माणूस कमी झाला होता. "एकशे नव्याण्णव आणि एक वासरू," ती पुटपुटली. मी तिला सोडा-ब्रेड आणि ताक दिलं. ताकाचा तिसरा ग्लास पिऊन ती जरा सावरली.

दोन महिन्यांनी अभ्यास संपला आणि सगळ्यांच्या पाकिटांचं गुपित उघडलं. कुणाला काय दिलं होतं, त्याचं पत्र घरोघरी आलं. बाकीच्यांचा निकाल अजून मोजतायत म्हणे. आमचं पत्र टायगने फाटकापाशीच फोडलं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होते. त्याने एकदा वाचलं. मग परत वाचलं. मी मनात म्हटलं, झालं, आता पुन्हा खुर्ची.

मी धावत बाहेर गेले. त्याने पत्र माझ्यापुढे धरलं. तीन ओळी होत्या. आमच्या पाकिटांत जंतू नव्हते. नुसतं बटाट्याचं पीठ होतं.

मी वर पाहिलं तर टायगचे खांदे हलत होते. मग बराच वेळ आवाजच नाही. आणि मग ती शिट्टी आली, लांबलचक, कुंपणापलीकडे बॅटीने मान वर करून पाहिलं इतकी मोठी. मी त्या फाटकाला धरून रडले, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

मग तो एकदम थांबला. डोळे पुसले. गोठ्यातून कालवड मान बाहेर काढून आमच्याकडेच बघत होती. टायगने पत्राची घडी घातली, आतल्या खिशात खोल सरकवली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "तिला सांगू नकोस."