कैलासवासी यादवचे पेले

चिमणाबाई गांगुर्डे नाशिक रोडच्या त्या गल्लीत सून म्हणून आली, तेव्हा गल्लीला नळ नव्हता. नळ आला तेव्हा पहिली घागर तिचीच लागली. तेव्हापासून गल्लीत पहिला शब्द तिचा आणि शेवटचाही तिचाच. शाळा म्हणाल तर दुसरी. यादवच्या नावातली अक्षरं तेवढी तिला लांबून ओळखू यायची.

यादव तिचा एकुलता एक. ट्रकांना रंग मारायचा, मोराचं चित्र असं काढायचा की मोर उडेल वाटे. मग गर्दाला लागला, गर्दावरून सुईवर गेला. एकच सुई चौघांत फिरायची, तिनं त्याला एचआयव्ही दिला. दोन हजार सहा साली सरकारी दवाखान्यात त्याच्या गोळ्या फुकट मिळायला लागल्या, तशी चिमणाबाई त्याला हाताला धरून घेऊन गेली.

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची मागे सरकवून विचारलं, "सुई सुटली का?"

"कधी सुटते, कधी नाय," चिमणाबाई म्हणाली. खोटं बोलणं तिला कमीपणाचं वाटायचं.

"आधी ती सुटू दे. अशा लोकांच्या गोळ्या अर्ध्यावर बंद पडतात."

"बिडी वढणाऱ्याला खोकल्याचं औषध देत नाय का तुमी? का आधी बिडी सोड म्हणता?"

डॉक्टरीणबाईंनी केसपेपर पुढ्यात ओढला. "ठीक आहे. पण गोळी रोज घेतो की नाही हे बघायला दोन माणसं आणा. एक घरचं, एक बाहेरचं. बाहेरचं नसेल तर मी सुरू करणार नाही."

घरचं माणूस उभंच होतं. बाहेरचं कुठून आणायचं? यादव दारात बसला की लोक कडेकडेनं जायचे. आणि तो तर उन्हात घातलेल्या मेथीसारखा सुकत चालला होता.

तशात गोजराबाईकडे सत्यनारायण झाला. गोजराबाई म्हणजे महिला मंडळाची अध्यक्ष, चिमणाबाईची जुनी मैत्रीण आणि जुनी वैरीणही. सगळ्यांना सरबत स्टीलच्या पेल्यातून, यादवला कागदाच्या कपातून. यादव कप तसाच ठेवून उठला.

"राग नको धरू चिमणे," गोजराबाई म्हणाली, "पण त्याचा पेला येगळा ठेव. वर नाव घाल, म्हंजे कुणाची गफलत नको."

"नाव घालू?" चिमणाबाई म्हणाली. "घालते की!"

दुसऱ्या दिवशी तिनं दोन पितळी हंडे मोडीत दिले आणि त्यावर पेले घेतले, गल्लीतल्या घराघराला एक. वेगळा पेला पाहिजे ना? मग यादव कुणाकडे गेला तर त्याचा पेला तिथं तयार हवा. कुणाची गैरसोय नको! पेल्यांची गोणी तिनं भांड्यांवर नाव घालणाऱ्या सहादूपुढं ओतली. "सगळ्यांवर यादव भिका गांगुर्डे. एकाच मापात."

सहादूचा सारा जन्म नावं कोरण्यात गेला होता. लग्नाच्या भांड्यांवर देणाऱ्याचं नाव असतं, तेही एखाद्या हंड्यावर. एकाच माणसाच्या नावानं गोणीभर पेले, तेही गल्लीत वाटायला, म्हणजे काय हे त्याला कुणी सांगायला नको होतं. यादव आजारी आहे हे त्याच्याही कानावर होतं. त्यानं डोळे पुसले, मशीन घरघरवलं आणि नावापुढं 'कै.' आणि नावामागं 'यांच्या स्मरणार्थ' आपल्या पदरचं घातलं. जादा अक्षरांचे पैसेही घेतले नाहीत.

चिमणाबाईनं एक पेला उजेडात धरला. यादव दिसला. आजूबाजूची अक्षरं आडनावाची असतील, असं म्हणून ती निघाली.

दारोदार तिनं स्वतः पेले वाटले. आणि नवल असं की कुणी नाही म्हणेना! मेलेल्याच्या नावाचं भांडं परत करत नाहीत. शेजारच्या रंगूबाईनं तर चप्पल काढून दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि डोळ्याला पदर लावला.

"लय वाईट झालं गं. पण सुटला बिचारा."

"सुटला कुठं, अजून चालूच हाय," चिमणाबाई सुईचं बोलत होती. रंगूबाईला वाटलं, दुःखानं हिचं डोकं फिरलं.

संध्याकाळी गल्ली भेटायला आली. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून रंगूबाईच्या हातात पिठलं-भाकरीचं ताट होतं. दार यादवनंच उघडलं. बायका मागच्या मागे एकमेकींच्या पायावर.

"या ना काकू. आई नळावर गेलीय."

आलेलं माणूस भेटल्याशिवाय परत कसं जाईल? सगळ्या आत येऊन भिंतीला टेकून बसल्या. यादवनं चहा केला. ज्या घराकडं कित्येक महिन्यांत कुणी फिरकलं नव्हतं, तिथं मयताच्या हातचा चहा सगळ्या मुकाट्यानं प्यायल्या. यादव पिठलं-भाकरी खात होता, आणि रंगूबाईनं सवयीनं विचारलं, "मीठ बरं हाय का?"

चिमणाबाई घागर घेऊन आली, तेव्हा गोजराबाईनं पेला तिच्या नाकासमोर धरून सगळं वाचून दाखवलं. चिमणाबाईनं घागर खाली टेकवली.

यादव आधी हसला. मग हसता हसता थांबला. "खरं लिव्हलंय गं सहादूनं. राहू दे तसंच," म्हणाला आणि ताट बाजूला सारलं.

चिमणाबाईनं ते ताट परत त्याच्यापुढं ढकललं. गल्लीसमोर रडायची तिला सवय नव्हती.

"घे तुझा पेला परत!" गोजराबाई ओरडली. "सत्यनारायणाच्या घरात जित्या माणसाच्या नावाचं मयताचं भांडं नको मला."

"मयताचं भांडं परत घेत नसतात."

"अगं पण तो मेला कुठंय?"

"नाय मेला?"

"नाय! हा काय बसलाय, पिठलं खातोय!"

"बाहेरच्या माणसाचं हेच बोलणं पायजे मला," चिमणाबाई म्हणाली. "उद्या लुगडं बदलून तयार राह्य. दवाखान्यात येऊन हेच सांग."

गोजराबाईनं आजूबाजूला बघितलं. सगळ्या बायका तिच्याकडं बघत होत्या. अध्यक्ष होती बिचारी.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तुम्ही कोण?"

"शेजारीण. हा जिता हाय, मी डोळ्यानं बघितलाय." पुरावा म्हणून गोजराबाईनं पेला टेबलावर ठेवला. डॉक्टरीणबाईंनी तो वाचला, यादवकडं पाहिलं, परत वाचला.

"पण त्याची सुई..."

"सुटंल तवा सुटंल!" गोजराबाई खेकसली. "तवर ह्या पेल्यावर लिव्हलेलं काय मी खरं होऊ देऊ? गोळ्या काढा!"

यादव मान खाली घालून बसला होता. त्याचे खांदे हलत होते. हसतोय की रडतोय हे चिमणाबाईनं बघितलं नाही, विचारलंही नाही. तिनं फक्त त्याच्या पाठीवर हात ठेवला.

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढं ओढली आणि गोळ्यांचा डबा उघडला.

यादवनं पुढं दोनदा सुई धरली, दोनदा सोडली. गोळी चुकवायला मात्र गोजराबाईनं दिली नाही. दिवेलागणीला ती त्याच पेल्यात पाणी घेऊन दारात उभी राही.

"कैलासवासी! ए कैलासवासी! तोंड उघड."

यादव गोळी गिळायचा. उरलेलं पाणी गोजराबाई तिथंच उभी राहून स्वतः प्यायची आणि पेला घरी घेऊन जायची. चिमणाबाई बघायची आणि मुद्दाम म्हणायची, "घासून ठेव नीट. माझ्या ल्योकाचा पेला हाय."