स्थलांतर : निरंक

उज्ज्वलाबाई आडेंनी पेनाला टोपण लावलं आणि अहवाल टेबलावरून परत सरकवला.

"यावर माझी सही होणार नाही."

विश्रामगृहाच्या खोलीत बसलेले बाकीचे सदस्य आपापल्या चहाच्या कपात बघू लागले. सरकारी स्थलांतर समितीचे सचिव राजकुमार ठोंबरे मात्र हसले. बाईंना शब्द खटकला असेल तर बदलू, म्हणाले. पण खटकला होता तो आख्खा रकाना. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्यापुढे लिहिलं होतं : 'हंगामी स्थलांतर : निरंक'. म्हणजे वर्षभरात तिथून एकही माणूस पोटासाठी बाहेर गेलेला नाही.

आणि त्याच सकाळी त्या तालुक्यातला एक तांडा त्या पायी फिरून आल्या होत्या. बेचाळीस घरं, एकतीस कुलपं. उघड्या घरांत म्हातारी माणसं.

उज्ज्वलाबाईंना तांडा नवा नव्हता. आर्णीच्या पुढचा त्यांचा स्वतःचा तांडा असाच दिवाळीनंतर ओस पडायचा. वडील भीमसिंग आणि आई रुपीबाई ऊसतोडीला जायचे; बाईंचा जन्मही कारखान्यावरच्या पाचटाच्या कोपीत झालेला. पुढे त्या कायदा शिकल्या आणि गाव सोडून कामाला जाणाऱ्या माणसांचा कायदा हाच विषय त्यांनी सत्तावीस वर्षं लावून धरला. त्यांच्या पुस्तकातले उतारे कोर्टात वाचले जात. साडेचार वर्षांपूर्वी त्या विधी विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या, आणि आता सरकारने या समितीचं अध्यक्षपदही दिलं होतं.

सकाळी तांड्यात भागीरथा भेटली. तिचा नवरा लखन गेल्या साली तेलंगणात वीटभट्टीवर गेला आणि विटांची थप्पी अंगावर कोसळून मेला. कंत्राटदाराच्या माणसांनी प्रेत फाट्यावर आणून सोडलं आणि गाडी वळवली. भरपाईचा अर्ज घेऊन ती कचेरीत गेली, तर तिथल्या बाबूने रजिस्टर उघडून दाखवलं : गावातून कोणी बाहेर गेल्याची नोंद नाही.

"कागदावर थे गावातच होते म्हन्तात, बाई," भागीरथा म्हणाली होती. आवाज चढवला नव्हता. "मंग मले मढं कोनाचं आनून देल्लं?"

'आकडेवारी उपलब्ध नाही' हे वाक्य बाईंनी स्वतः कितीतरी निबंधांत लिहिलं होतं, आणि खाली तळटीप देऊन पुढच्या मुद्द्याकडे वळल्या होत्या. आकडे हरवलेले नव्हते. ते कोणी लिहीतच नव्हतं. लिहिलं की कंत्राटदाराला परवाना विचारावा लागतो, मेलेल्याची जबाबदारी कोणावर तरी टाकावी लागते. तळपायाची आग मस्तकात जावी तसा त्यांना संताप आला. त्यातला निम्मा स्वतःवरच होता.

ठोंबरेंनी खुर्ची जवळ ओढली. जिल्ह्याची नाहक बदनामी होते, म्हणाले. मग आवाज उतरवून, "मॅडम, तुमच्या कुलगुरूपदाच्या दुसऱ्या टर्मची फाईल वर गेलेली आहे. या महिन्यात वाद नको."

"मग त्या फाईलवरही निरंक लिहा," बाई म्हणाल्या.

त्यांनी तिथेच बसून सात पानांचं भिन्नमत लिहिलं. एकतीसही घरांच्या कर्त्यांची नावं घातली, भागीरथाचा जबाब जोडला.

अहवाल त्यांच्या सहीवाचून छापला गेला. ती सात पानं त्यात नव्हती. जूनमध्ये विद्यापीठाला नवे कुलगुरू मिळाले. निरोपाच्या भाषणांत सगळ्यांनी बाईंच्या विद्वत्तेचे गोडवे गायले. तालुक्याचं नाव कोणी काढलं नाही. त्या पुन्हा वर्गावर जाऊ लागल्या. भागीरथाचा दावा त्यांनी कामगार न्यायालयात लावून दिला. अजून तारखाच पडताहेत.

यंदा दिवाळी झाल्याबरोबर बाई भागीरथाच्या तांड्यावर गेल्या. ट्रक लागायच्या आधी बाजेवर बसून त्यांनी नावं उतरवली : कोण, कुठे, कोणत्या मुकादमासोबत. एकशे चौदा माणसं. प्रत्येकाची सही नाहीतर अंगठा. भागीरथाही निघाली होती. तिने सावकाश अक्षर लावून सही केली आणि ट्रकमध्ये चढली.

यादी घेऊन बाई कचेरीत गेल्या. हिची पोच द्या, म्हणाल्या. बाबूने वरची दोन पानं चाळली. असा कागद घ्यायचा नियम नाही, साहेब आले की बघू, असं म्हणून त्याने खिडकी लोटून घेतली. साहेब कधी येतील ते सांगितलं नाही.

बाहेरच्या बाकड्यावर सातबाऱ्यासाठी आलेली माणसं दाटीवाटीने बसली होती. बाईंना कोणी ओळखलं नाही. त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. तासाभराने एका म्हाताऱ्याने शेजाऱ्याला कोपर लावलं.

"सरक ना बे थोडा. बाईले बसू दे."

बाई बसल्या. यादी मांडीवर ठेवली, आणि त्या बंद खिडकीकडे बघत राहिल्या.