कोठाराच्या दारावरचे सील

ज्या दिवशी ती बातमी आली, त्या दिवशी हिम्मतरावांनी दुकान उघडले नाही. हैदराबादेतल्या हिमायतनगरच्या घरात सकाळपासून टीव्ही चालू होता. एका दूरच्या देशाने डोंगराखाली अणुबाँबची चाचणी केली होती आणि तिथले लोक रस्त्यात मिठाई वाटत होते. हिम्मतराव उठले, काचेच्या कपाटातून त्यांनी मला काढले आणि भिंतीवरच्या बायकोच्या, त्रिवेणीबाईंच्या, फोटोसमोर जाऊन उभे राहिले. बाईंना जाऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. बातमी सांगायची सोडून हिम्मतराव फोटोची काच पुसत बसले.

"बाबा, चहा गार झाला," त्यांची मुलगी गौरी म्हणाली.

"होऊ दे."

मित्रांनो, मी एक जुने तांब्याचे सील आहे. कोटाच्या बटणाएवढे असेन. माझा जन्म कारखान्यात झाला आणि माझी भावंडे तर मोजता येणार नाहीत इतकी होती. तेव्हा आम्ही सगळी सारखीच दिसत होतो. मग मी त्रिवेणीबाईंच्या हातात आले.

बाई इथल्याच जामबागच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकल्या होत्या. पुढे अनेक देशांनी मिळून नेमलेल्या एका संस्थेत त्या तपासनीस झाल्या. विजेसाठी म्हणून आणलेले अणुइंधन कुणी गुपचूप बाँबकडे वळवत नाही ना, हे पाहणे त्यांचे काम. त्यांनी सुईने माझ्या पोटात आडव्यातिडव्या रेघा ओढल्या आणि त्यांचा फोटो काढून ठेवला. तशा रेघा जगात दुसऱ्या कुठल्याही सीलमध्ये नाहीत. म्हणून माझ्या जागी माझ्यासारखे दुसरे लटकवले, तर ते लगेच ओळखू येते.

त्या दूरच्या देशात एक कोठार होते. आत इंधनाची पिंपे रांगेने ठेवलेली होती. बाईंनी पिंपे मोजली, दार लावले, कडीतून तार ओवली आणि तारेची गाठ माझ्या पोटात घेऊन मला दाबून बंद केले. "राहा बरं इथं नीट," असे त्या मला म्हणाल्या. मला फार अभिमान वाटला. दारापुढून बंदूकवाले शिपाई जात. त्यांच्याकडे बंदुका होत्या, पण दार माझ्या भरवशावर होते, असे मला वाटे.

मग एका दुपारी काही माणसे पक्कड घेऊन आली. त्यांनी मला हातही लावला नाही. कडीच्या मागच्या बाजूने तार कापली आणि पिंपे बाहेर नेली. संध्याकाळी काही पिंपे परत आली, काही आली नाहीत. तारेला बारीक डाख देऊन जोडले, वर काळे फासले आणि ती माणसे निघून गेली. मी ओरडू शकले नाही. सीलला तोंड नसते.

बाई पुन्हा आल्या तेव्हा त्यांनी सवयीने तारेवरून नख फिरवले. नख अडकले.

तिथला अधिकारी बदामाची बशी घेऊन उभा होता. "उंदरांनी कुरतडली असेल, मॅडम."

"तुमचे उंदीर डाखही देतात वाटतं?"

"फार हुशार आहेत आमच्याकडचे. बदाम घ्या ना."

"दार उघडा. मला पिंपं मोजायचीत."

"आज नाही जमणार. मोठे साहेब बाहेरगावी गेलेत."

बाईंनी बदाम घेतले नाहीत. त्या मला आणि त्या तारेला घेऊन मुख्य कचेरीत गेल्या. तिथे माझे पोट उघडून रेघा पाहिल्या. त्या तंतोतंत जुळल्या. सील खरे, तार खोटी.

"त्रिवेणी, त्या देशाशी करार अगदी तोंडाशी आलाय," त्यांचे वरिष्ठ म्हणाले. "आत्ता हा विषय काढला तर ते बैठकीतून उठून जातील."

"ते बसलेत म्हणून बाँब करायचे थांबलेत का?"

"आपण नवीन सील लावू. याहून चांगलं."

नवीन सील लागले. त्याचीही तार तुटली. मग आणखी नवीन आले. दर वेळी त्या देशाची समजूत काढायला जगाने त्याच्यावरची व्यापाराची एकेक बंदी उठवली. शेवटी ते म्हणाले, ही सीले म्हणजे आमचा अपमान आहे, ती काढा, मग बोलू. सगळी सीले निघाली. सह्या झाल्या, टाळ्या वाजल्या. मला भंगारात टाकणार होते. बाईंनी मला मागून घेतले, नोकरी सोडली आणि त्या हैदराबादला आल्या.

हिम्मतरावांचे नामपल्लीला कुलपांचे दुकान. त्यांनी मला तळहातावर घेऊन उलटसुलट पाहिले. "हेच का ते? एवढंसं? आमच्या दुकानातून हे कुणी फुकट पण नेणार नाही."

"अहो, तुमचं कुलूप चोराला अडवतं. हे अडवत नाही, चोरी झाली एवढंच सांगतं."

"आणि सांगितल्यावर?"

"सांगितल्यावर ऐकणाऱ्यांनी उठायचं असतं."

हिम्मतरावांनी मला बाईंच्या हातात परत दिले. "दुकानापुढचा तो पहिलवान आठवतो? पायरीवर बसू द्या म्हणाला, बसू दिलं. मग तिथंच टपरी टाकली. मी म्हटलं, जाऊ दे, कायको झगडा. आता त्याला विचारून शटर उघडतो मी. बोट दिलं की मनगट धरतात."

"मग कळतंय की तुम्हाला सगळं."

"हौ, कळतंय. कळून काय केलं? मी पण 'जाऊ दे'च म्हटलं ना."

पुढे बाई आजारी पडल्या. दवाखान्यात त्या रोज विचारत, "काही बातमी?" हिम्मतराव म्हणत, "काही नाही. सगळं शांत आहे." बाई म्हणत, "माझं चुकलं असू दे हो. लोक हसले तरी चालतील." त्या गेल्या तेव्हा खरेच काही बातमी नव्हती.

बातमी आली त्या दिवशी शेजारच्या कुसुमताई धावत आल्या. "भाऊ, वहिनी म्हणायच्या ते खरं निघालं बघा! पेपरात यायला पाहिजे त्यांचं नाव."

हिम्मतराव म्हणाले, "तिला खरं ठरायचं नव्हतं, ताई."

मग गौरीने टीव्ही बंद केला.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंनी शेवटी 'आम्हाला जपा' असे सांगायचे असते. मला जपायला सांगण्यात अर्थ नाही. मी कपाटात सुखरूप आहे आणि काही उपयोगाचे नाही. एवढेच सांगते. तार कापली आहे, असे कुणी सांगत आले तर नवी तार आणायला धावू नका. आधी दार उघडायला लावा. तुम्ही ऐकाल असे मला फारसे वाटत नाही. मोठ्यांनी ऐकले नाही. परवाच टीव्हीवर सांगत होते, त्या देशाला पुन्हा बोलणी करायला बोलावले आहे.

हिम्मतरावांनी अजून बाईंच्या फोटोला ती बातमी सांगितलेली नाही. आणि त्या कोठारातली पिंपे अजून कुणी मोजलेली नाहीत.