एक जूनची साठी

"बाबा, लुक! टॅक्स-फ्री!" जुईलीने काचेमागच्या दगडाकडे बोट दाखवलं. अरुणरावांनी मात्र आधी खिशातला फोन काढून पाहिला. तो गप्पच होता.

कुवेतच्या संग्रहालयातला तो दगड फैलका बेटावरचा. एके काळी तिथे ग्रीक राजाची सत्ता होती. बेटावर येऊन वसणाऱ्यांना, जमीन कसणाऱ्यांना करमाफी, असं त्यावर कोरलेलं. जुईलीचा बारावीचा प्रोजेक्ट त्यावरच होता.

"माफी किती वयापर्यंत?" अरुणरावांनी विचारलं.

"वयाचं काहीच नाही लिहिलंय, बाबा."

शहाणा राजा, असं त्यांना वाटलं. इथे नवा नियम निघाला होता. पदवी नसलेला परदेशी साठीचा झाला, की इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, वाढवायला भली मोठी फी. गोदामातल्या कारकुनाला ती कुठून झेपणार? कंपनीने भरली तर ठीक, नाहीतर गाशा गुंडाळायचा, आणि बापामागे जुईलीनेही बारावी अर्ध्यावर टाकून निघायचं.

खरी गंमत म्हणजे अरुणराव अजून अठ्ठावन्नचेच होते. लहानपणी थोरल्या भावाबरोबर शाळेत बसायचं म्हणून त्यांनी भोकाड पसरलं होतं. गुरुजींनी कौतुकाने दोन वर्षं वाढवली आणि गावातल्या निम्म्या पोरांसारखी एक जून ही जन्मतारीख लावून टाकली. पासपोर्टवरही तीच चढली. कंपनी फी भरणार की नाही, ते आज कळणार होतं.

फोन थरथरला. कंपनीची सरकारी कामं बघणारा मुस्तफा होता.

"अरुण, खलास. मुदीर, मॅनेजर साब बोला, कंपनी फी नहीं भरेगा. तुम इंडिया में बर्थ डेट चेंज करो ना!"

"किसको बोलूं, मुस्तफा? गुरुजी तो कब के गये."

"कुणाचा फोन?" जुईलीने विचारलं.

"ऑफिसचा." त्यांनी फोन खिशात टाकला. "बेटावरच्या त्या लोकांचं पुढे काय झालं गं?"

"नो आयडिया. गेले असतील कुठेतरी."

पलीकडच्या दालनातले दिवे मालवत पहारेकरी येत होता.

"थांब ना बाबा, बंद करायची वेळ झाली की ही विल टेल अस."

"नको. त्याने सांगायच्या आत निघावं."

त्यांनी लेकीची बॅग स्वतःच्या खांद्यावर घेतली, शर्टाची कॉलर नीट केली. पहारेकऱ्याला सलाम केला आणि जुईली बाहेर पडेपर्यंत दार उघडून धरलं.