तीन महिने चाललेली न्याहारी

पुरिंगने आपल्या बापाला एका रताळ्यापायी मारलं, आणि ही गोष्ट तिच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हती. निदान तिची तशी समजूत होती. तिचं वय आठ वर्षं, आणि त्या वयात माणूस जगातली निम्मी पापं बिनतक्रार आपल्या अंगावर घेतो.

झालं होतं असं. माबाटो गावात त्या सकाळी चौघं न्याहारीला बसली होती. पुरिंग, तिची नानाय म्हणजे आई मियांग, तातय म्हणजे बाप देन्सियो आणि लोला म्हणजे आजी, आईची आई ताकिया. लढाई चालू होती; गावाचा ताबा घेतलेल्या जपान्यांनी भात नेला होता, डुकरं नेली होती, एवढंच काय, चर्चमधली लांब बाकंही सरपणाला नेली होती. रताळी जमिनीखाली असल्यामुळे तेवढी वाचली होती. पुरिंगच्या ताटलीत त्या दिवशी चांगलं मुठीएवढं रताळं आलं होतं, चुलीत एका बाजूने करपून गोड झालेलं. ती ते पुरवून खात होती.

ऐन घासात फाटकातून हाक आली. दोन शिपाई आणि एक दुभाष्या. पुलाच्या कामाला माणसं हवीत, फावडं घे, संध्याकाळी परत. देन्सियो उठला. उठता उठता त्याने पुरिंगच्या ताटलीतलं मोठं रताळं उचललं, आपलं अंगठ्याएवढं तिथे टाकलं, तिला डोळा मारला आणि चालता झाला.

आता घरातलं माणूस अर्ध्या जेवणावरून उठून बाहेर पडलं, की मागे राहिलेल्यांनी आपापली ताटली जागच्या जागी एक पूर्ण फेरी फिरवायची. नाही फिरवली तर गेलेल्याचं काही खरं नसतं. माबाटोत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पुरिंगने ताटलीच्या काठाला हात लावला, रताळ्याकडे पाहिलं, आणि हात मागे घेतला. तिला फक्त एवढंच हवं होतं की बापाच्या पायाला ठेच लागावी. बऱ्यापैकी मोठी ठेच.

देन्सियो संध्याकाळी आला नाही. शेजारच्या आलिंग सेफाचे, म्हणजे सेफाबाईचे, दोन्ही मुलगे मात्र परत आले. शिपायांनी देन्सियोच्या पाठीवर ओझं चढवून त्याला डोंगराकडे पिटाळलं, अशी बातमी त्यांनी आणली. आलिंग सेफा मियांगचं सांत्वन करायला म्हणून आली आणि दारातच म्हणाली, "आम्ही बाई ताटल्या फिरवायला कधी चुकत नाही. पोरगं परसात गेलं तरी फिरवतो." बाई मनाची वाईट नव्हती, पण सांत्वनाचा आणि तिचा कधी मेळच बसला नव्हता.

पुरिंगने ते ऐकलं आणि अंगठ्याएवढं रताळं केळीच्या पानात गुंडाळून आढ्याच्या बांबूत खुपसून ठेवलं. तिचा विचार साधा होता. ताटली जेवण संपायच्या आत फिरवायची असते. शेवटचा घास खाल्लाच नाही, तर जेवण संपेल कसं? ती न्याहारी अजून चालूच होती. ताटली एवढ्यात फिरवायची मात्र तिला भीती वाटत होती, कारण कोणी पाहिलं असतं तर का म्हणून विचारलं असतं.

तशी ती न्याहारी तीन महिने चालली. तिसऱ्या महिन्यात लोला ताकियाला ते पान सापडलं.

लोला ताकिया म्हणजे न दिसणाऱ्या जगाची वकील. वारुळाकडे बोट दाखवायचं नाही, झाडाखाली बसण्याआधी तिथल्या रहिवाशांची परवानगी घ्यायची, वडाच्या झाडावर धूर दिसला तर वर बसून विडी ओढणाऱ्या राक्षसाला नमस्कार घालायचा, हे सगळं तिला तोंडपाठ होतं. गावात कोणाला ताप आला की ती आधी विचारायची, "कोणाच्या घरावर पाय दिलास?" आणि कोणाच्या तरी घरावर पाय पडलेला निघायचाच. एकट्या देन्सियोवर मात्र तिचे कायदे कधी चालले नव्हते. त्याने लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी तिचं रेडकू कोंबड्यांच्या झुंजीत पैजेला लावलं होतं, आणि त्याचा कोंबडा झुंज सुरू होण्याआधीच पळून गेला होता.

"हे काय?" लोलाने विचारलं. रताळं वाळून खडा झालं होतं.

पुरिंगने सगळं सांगून टाकलं. रडून सांगितलं, त्यामुळे निम्मं कळलं नाही, पण निम्मं पुरेसं होतं. आता लोला झाडूच हातात घेणार, अशी तिची खात्री होती. लोला मात्र चुलीपाशी बसली आणि तो खडा उजेडात धरून तिने सगळीकडून निरखला.

"घास शिल्लक आहे ना?" शेवटी ती म्हणाली. "मग जेवण चालू आहे. अजून फिरवता येईल."

"खरंच, लोला?"

"मी सांगते ना. पण ताटली तीच पाहिजे."

आणि इथेच घोडं अडलं. लग्नातल्या त्या चारही इनॅमलच्या ताटल्या मियांगने मागल्याच आठवड्यात देऊन टाकल्या होत्या. पलीकडच्या गावात आलिंग ऊर्सुला राहायची. लढाईत लोकांची घरं रिकामी होत होती आणि तिचं भरत होतं. तिने दोन मापं तांदळाच्या बदल्यात ताटल्या ठेवून घेतल्या होत्या. तेव्हापासून घरात केळीच्या पानावर जेवण व्हायचं.

"मियांगला सांगू नकोस," लोला म्हणाली. "ती आपल्याला वेड्यात काढेल."

दुसऱ्या दिवशी मियांग नदीवर कपडे धुवायला गेली तशा दोघी निघाल्या. पुरिंगच्या कमरेला ते पान खोचलेलं होतं.

आलिंग ऊर्सुलाने त्यांना पायरीवरच थांबवलं. "परत मागायला आला असाल तर तांदूळ टाका."

"मागायला नाही आलो," लोला म्हणाली. "फिरवायला आलो."

"काय फिरवायला?"

"ताटली. या पोरीचं जेवण राहिलंय."

ऊर्सुलाने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. लढाईत तिने पुष्कळ चमत्कारिक गिऱ्हाइकं पाहिली होती, पण असलं कोणी आलं नव्हतं. मात्र ती त्याच मुलखातली बाई होती. कारण कळल्यावर तिने छातीवर क्रूस काढला आणि निमूटपणे ताटल्या बाहेर आणून दिल्या. "पटकन आटपा," ती म्हणाली, "आणि माझ्या घराकडे तोंड करून काही पुटपुटू नका."

टवका उडालेली ती पुरिंगची. तिने तिच्यात रताळं ठेवलं, दोन्ही हातांनी ताटली एक फेरी फिरवली आणि मग ते खाल्लं. दात पडायची वेळ आली, पण ती शेवटपर्यंत चावत राहिली. तिला इतकं हलकं वाटलं की ती तिथेच हसायला लागली. मान वर करून पाहते तो लोलासुद्धा एक ताटली फिरवत होती. हळूच, अंगाआड.

परतीच्या वाटेवर पुरिंगने विचारलं, "लोला, तुझी कशाला फिरवलीस? तू तर त्या दिवशी फिरवली असशील ना?"

लोला चालत राहिली. "नव्हती फिरवली."

"विसरलीस?"

"मी कधी काही विसरले आहे का?" लोला चिडली, आणि मग तिचा आवाज खाली आला. "रेडकू आठवलं मला. म्हटलं, जाऊ दे. लागू दे एखादी ठेच."

पुरिंगने आजीचा हात धरला. तीन महिन्यांत पहिल्यांदाच तिला एकटं वाटलं नाही.

त्यानंतर त्या वाट चुकल्या. एकच बांबूचं बेट त्यांना तीनदा भेटलं. लोलाची नजर अधू झाली होती हे खरं कारण, पण तिने ठरवलं की रानात घोड्याच्या तोंडाचा एक राक्षस असतो, त्यानेच चकवा दिला. त्यावर उपाय एकच, अंगातले कपडे उलटे करून घालायचे. पुरिंगचा सदरा झाला, पण लोलाच्या झग्याला मागे बारा बंद होते. ते सोडायचे, झगा उलटायचा आणि आतून पुन्हा बांधायचे, यात दुपार कलली. मधूनच लोला रानाला दटावत होती, "बाजूला व्हा रे, म्हाताऱ्या बाईला कपडे करू द्या!"

मियांगने त्यांना गाठलं तेव्हा दोघींच्या शिवणी बाहेर होत्या. नदीवरून परतल्यापासून ती शोधत फिरत होती. "आई, तुला काही लाज? एवढीशी पोर घेऊन! आणि हे काय, उलटे कपडे? गावातून असंच मिरवत जाणार आहेस का?"

गावातून मिरवायची वेळ आलीच नाही. ती बोलत असतानाच टेकडीपलीकडून धूर दिसला. काळा, जाड, एका घराचा नव्हे इतका. मग गोळ्यांचे आवाज आले. तिघी बांबूच्या बेटात शिरल्या आणि दुसऱ्या सकाळपर्यंत तिथून हलल्या नाहीत.

जपान्यांनी गाव जाळलं होतं. माबाटोत उरलेली माणसं दोन हातांच्या बोटांवर मोजता आली असती. आलिंग सेफा गेली, तिचा नवरा, लेकी आणि थोरला मुलगाही. धाकटा कार्पियो तेवढा नारळाच्या शेंड्यावर होता, त्याने वरून सगळं पाहिलं. उरलेली मंडळी दरीत पालापाचोळ्याची खोपटी करून राहिली, मुळं उकडून खाल्ली, आणि तिथे चूल पेटवण्याआधी रानाची परवानगी मागायला लोला ताकिया कधी चुकली नाही.

महिन्याभराने देन्सियो आला. तोवर जपानी डोंगरात मागे सरले होते आणि रस्त्यावर अमेरिकन गाड्या फिरत होत्या. विमानांच्या हल्ल्यात तो ओझं टाकून पळाला होता आणि कोळसे पाडणाऱ्यांकडे तापाने पडून होता. हाडांचा सापळा, पण बोलणं तेच. येताना त्याने कुठूनसे मांसाचे दोन डबे आणले होते. खोपटासमोर केळीच्या पानावर सगळे जेवायला बसले. कार्पियोलाही बोलावलं, कारण हल्ली तो बोलावल्याशिवाय खात नसे.

"माझ्या दोन्ही बाजूंची माणसं पडली," देन्सियो तोंडात घास घेऊन सांगत होता. "मी मात्र निर्धास्त. म्हटलं, घरात माझ्यासाठी तीन ताटल्या फिरल्यात, मला काय होतंय! फिरवल्या होत्या ना गं?"

"हो तर," मियांग चटकन म्हणाली. "तिघींनी."

पुरिंगने आईकडे पाहिलं. तिला तेव्हा कुठे आठवलं, की त्या सकाळी आई ताटली तशीच टाकून नवऱ्यामागे फाटकापर्यंत धावली होती. आईच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

कार्पियो कितीतरी दिवसांनी बोलला. "कोणत्या बाजूने फिरवल्या?"

"अं?" मियांग म्हणाली. "उजवीकडे. उजवीकडेच असेल."

कार्पियोने मान हलवली. "आम्ही डावीकडे फिरवायचो," तो म्हणाला आणि पानाकडे बघत राहिला.

तीन महिने पुरिंगने जे एकटीने वाहिलं होतं, ते आता त्याच्या पाठीवर चढलेलं तिला दिसलं. तिला ते सहन होईना. बाप रागावेल, कदाचित परत कधी डोळा मारणार नाही, हे सगळं तिच्या मनात आलं, तरी ती बोलली.

"खोटं आहे. त्या सकाळी मी नव्हती फिरवली. लोलानेही नाही. नानायनेही नाही. कोणीच नव्हती फिरवली, तातय."

देन्सियोचा हात तोंडाशी थांबला. त्याने तिघींकडे एकेक करून पाहिलं. त्याला खूप काही म्हणायचं असावं, पण कार्पियोने मान वर केली होती.

"मग देन्सियोकाका परत कसे आले?" त्याने लोला ताकियाला विचारलं. "आणि आमची माणसं?"

सगळे लोलाकडे बघू लागले. गावातल्या प्रत्येक तापाचं आणि प्रत्येक मरणाचं कारण त्या म्हातारीने आजवर सांगितलं होतं. तिने पानावरचं आपल्या वाटचं मांस उचलून त्याच्यापुढे ठेवलं.

"मला माहीत नाही रे, बाळा," ती म्हणाली.