सिदोनीचा जिना

मित्रांनो, मी एक जुनी तसबीर आहे. वय विचाराल तर एकशे चाळीसच्या पुढे. माझ्या रंगाला बारीक तडे गेले आहेत, चौकटीचा एक कोपरा खिळखिळा झाला आहे, आणि खरे सांगायचे तर आता कोणी टक लावून पाहिले तरी शीण येतो. पण माझ्यात बसलेल्या बाईविषयी लोक इतके भलते बोलतात, की एकदा सगळे सांगून टाकलेले बरे.

तिचे नाव सिदोनी प्रुव्हो. पॅरिसमधल्या एका बेकरीचे पाव ती सकाळी घरोघर पोचवायची. वय पंचेचाळीस, नवरा जाऊन बरीच वर्षे झालेली. हातावर लांबलचक पावांनी भरलेली टोपली, आणि एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत चढउतार. सगळ्यात शेवटचे दार सहाव्या मजल्यावरचे. तिथे आँसेल्म रुवेल नावाचा तरुण चित्रकार राहायचा.

त्याच्या दारापाशी पोचली, की सिदोनी वरून तिसऱ्या पायरीवर बसायची, डाव्या पायातला बूट काढायची आणि तळवा चोळायची. एके दिवशी आँसेल्मने दार उघडले आणि तो बघतच राहिला.

"बाई, अशाच बसा. मला तुमचं चित्र काढायचंय."

"माझं?" सिदोनी हसली. "दुसऱ्या मजल्यावरच्या बाईसाहेबांचं काढा की. त्यांच्याकडे पिसांची टोपी आहे."

"तुम्हाला काही करायचं नाही. नुसतं बसायचं."

"नुसतं बसायचं? मग काढा बाबा, हवी तेवढी काढा."

असा माझा जन्म झाला. कॅनव्हास स्वस्तातला होता, पण आँसेल्मने जीव ओतला. पाव वाटून झाले, की सिदोनी अर्धा तास बसायची. कधी बसल्या बसल्या डोळा लागायचा. तो हळूच म्हणायचा, "बाई, मान." ती दचकून मान वर करायची आणि म्हणायची, "झोपले नव्हते हो, विचार करत होते." कामाने लाल झालेली बोटे, घाम आला म्हणून सैल केलेली गळपट्टी, उघडा पाय, शेजारी रिकामी टोपली आणि तिच्यामागे खाली खाली अंधारात जाणारा तो जिना. सगळे त्याने जसेच्या तसे रंगवले.

पूर्ण झाल्यावर सिदोनी माझ्यासमोर खूप वेळ उभी राहिली.

"आईसारखी दिसतेय मी," ती म्हणाली. "तीही अशीच दमायची." मला मिळालेली ती पहिली शाबासकी. त्यानंतर तेवढी मोठी शाबासकी मला कधी मिळाली नाही.

पण चित्रे विकणारा एक दुकानदार मला बघायला आला आणि त्याने नाक मुरडले. "बाई झकास आहे. पण हा जिना? दिवाणखान्यात जिना कोण लावणार? मागे एखादा लाल पडदा टाका, लगेच जाईल." आँसेल्मच्या घरात चूल पेटायची पंचाईत होती. दोन दिवस तो कुंचल्याला शिवला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने माझ्या पायऱ्यांवर लाल रंग फासला, टोपलीसुद्धा त्याखाली गेली. सिदोनीला त्याने काहीच सांगितले नाही. मी गुदमरून गेले.

मग विकले जावे म्हणून त्याने मला एका चित्रप्रदर्शनात मांडले. तिथे माझ्यासमोर गर्दी व्हायची. लोक माझ्याकडे बघून हसायचे. जिना नाही, टोपली नाही, उरली ती उघड्या पायाची, सैल गळ्याची, लाल पडद्यापुढे बसलेली बाई. ती कशाने दमली आहे हे कोणाला कळणार? "कोणाची वाट बघतेय कोण जाणे!" एक जण म्हणाला, आणि बाकीचे खिदळले. त्या घोळक्यात दुसऱ्या मजल्यावरच्या बाईसाहेबही होत्या. त्यांनी चेहरा ओळखला आणि दुसऱ्याच दिवशी बेकरी गाठली. बेकरीच्या मालकीणबाईंनी सिदोनीची टोपली काढून घेतली. "माझ्या गिऱ्हाइकांच्या दारात असली बाई नको," एवढेच बोलल्या.

रविवारी सिदोनी प्रदर्शनात आली. आँसेल्म तिथेच उभा होता. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिले.

"माझा जिना कुठाय?"

"बाई, ते जरा... विकलं जावं म्हणून..."

"एकवीस वर्षं चढले रे मी," ती म्हणाली. आजवर ती त्याला अहो-जाहो करायची. "आणि तू दोन फटकाऱ्यांत पुसून टाकलंस? आता मी इथे कशाला बसलेय, सांग ना सगळ्यांना!"

जवळच्या एका गृहस्थाला हसू आवरेना. सिदोनी त्याच्याकडे वळली.

"आपण कितव्या मजल्यावर राहता, साहेब?"

"पाचव्या."

"सकाळचा पाव आपोआप वर येतो का?"

त्याचे हसू तिथेच विरले. सिदोनी खांद्यावरची शाल सारखी करून निघून गेली. आँसेल्मची मान खाली होती.

प्रदर्शन संपताच त्याने मला घरी नेले. टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या चिंध्यांनी तो लाल रंग पुसू लागला. तीन दिवस पुसत होता. फार झोंबले, मित्रांनो, पण मी हूं की चूं केले नाही. एकेक पायरी वर आली. काही ठिकाणी लाल डाग राहिले, ते आजही आहेत. मग मला काखोटीला मारून तो थेट बेकरीत गेला आणि मालकीणबाईंसमोर मला उभे केले.

त्यांनी हातावरचे पीठ झटकले आणि वाकून पाहिले. "ही आमची टोपली." मग त्यांनी एकेका पायरीवरून बोट फिरवले. "चूक माझी झाली," त्या शेवटी म्हणाल्या. "तिला म्हणावं, उद्यापासून ये."

सिदोनी परत कामाला लागली. त्या दिवशी आँसेल्म तिला म्हणाला, "बाई, हे चित्र तुम्ही घ्या. तुमचंच आहे."

"नको रे बाबा. दिवसभर दमून घरी यायचं आणि भिंतीवर पुन्हा मीच दमलेली?"

तिने त्याला माफ केले की नाही, मला कळले नाही. ती आणखी नऊ वर्षे जिने चढली. एका हिवाळ्यात छातीत कफ भरला आणि ती गेली. आँसेल्मने मला कोणालाच विकले नाही. त्याच्या मागे मी माळ्यावर पडले, मग जुन्या सामानाच्या बाजारात आले, आणि आता एका छोट्या शहराच्या संग्रहालयात आहे. खाली पाटी आहे, 'अनोळखी स्त्री'. शाळेतली मुले येतात, त्यांच्या शिक्षिका सांगतात, "रंग बघा, किती सुंदर!" आणि सगळे पुढच्या दालनात जातात.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा किंवा पुसू नका, तडे बुजवा किंवा राहू द्या. ती पाटी तेवढी बदला, तिच्यावर सिदोनी प्रुव्हो असे लिहा. आणि तुमच्या दाराशी कोणी ओझे घेऊन धापा टाकत आले, तर त्यांचे चित्र नाही काढलेत तरी चालेल. आधी नाव विचारा, आणि म्हणा, "बसा हो जरा. पाणी घ्या."