कातळाईचं गुलाबी पाणी

आंबिवलीच्या पलीकडच्या डोंगराखाली मे महिन्यातल्या त्या रविवारी उभं राहायला जागा नव्हती. शहाडहून, पार कल्याणहून माणसं आली होती. डोंगरावर कातळात खोदलेल्या टाक्याचं पाणी एका पहाटे गुलाबी झालं होतं. धोंडीबा भगत ते हंड्यांनी खाली आणून पळीपळीनं वाटत होता.

"कातळाई न्हाली," तो सांगायचा. "बाराही रोग या पाण्यात बुडतात. पन तीर्थ घेतलं त्यानं दवाखान्याची गोळी शिवायची नाय. देवीला सवत खपत नाय."

अख्खं टाकं रंगवणारी देवी एवढ्याशा गोळीला का भिते, हे कुणी विचारलं नाही. नारळ मात्र फुटत होते.

डोंबिवलीत कलावती राणे यांना ही बातमी त्यांच्या दारावर भाजी आणणाऱ्या गोदानं दिली. गोदा त्या डोंगराखालच्याच गावची. तिची सून मंजुळा क्षयानं आजारी. सरकारी गोळ्यांनी तिची तब्येत सुधारू लागली होती. आता गोळ्या सोडल्या, तीर्थ सुरू केलं, असं गोदानं हसून सांगितलं.

कलावतीबाईंना मेथीची जुडी निवडायचं सुचेना. त्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायच्या. लग्न केलेलं नव्हतं, घरी म्हातारी आई. दर उन्हाळ्यात पाठीवर पिशवी टाकून त्या एकट्याच एखाद्या डोंगरावर मुक्कामाला जायच्या आणि आईला सांगायच्या, मैत्रिणीकडे जाते. यंदा त्या कातळाईच्या डोंगरावर गेल्या होत्या. उजाडताना टाक्यावर पाणी भरत असताना, ते पिण्याजोगं करायला आणलेली पोटॅशियम परमँगनेटची बाटली हातातून निसटली. बरीच पूड पाण्यात सांडली, बाटली कपारीत गेली. चार दिवसांत रंग जाईल, असं म्हणून त्या कुणी बघायच्या आत खाली उतरल्या. बोटांवरचे तपकिरी डाग जायला मात्र आठवडा लागला.

गोदाला त्या एवढंच म्हणाल्या, की गोळ्या थांबवू नकोस. का, ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बाई एकटी डोंगरावर झोपली ही गोष्ट शाळेपर्यंत पोचली असती. गोदानं मान हलवली आणि ऐकलं नाही. कारण न देता दिलेला सल्ला कोण ऐकतं?

पुढे गोदा यायचीच थांबली. दुसऱ्या भाजीवालीकडून कळलं, मंजुळाच्या थुंकीत पुन्हा रक्त पडतंय.  पुढच्याच रविवारी कलावतीबाई त्या गावात गेल्या.

हंड्यातलं पाणी अजून लखलखीत गुलाबी होतं. ते पाहून त्या थबकल्या. उघड्या टाक्यात पालापाचोळा, शेवाळ. त्यात हा रंग थोड्याच दिवसांत मळकट तपकिरी व्हायला हवा. तो टिकला म्हणजे कुणीतरी टिकवतंय. त्यांनी धोंडीबाच्या हाताकडे पाहिलं. बोटांची टोकं तपकिरी होती.

त्यांनी गोदाकडून घरचं पाणी मागवलं. सगळ्यांसमोर तांब्यातून काचेच्या पेल्यात ओतलं, सोबत आणलेल्या पुडीतले दोन कण टाकले. पाणी गुलाबी झालं. मग धोंडीबाच्याच ताटातलं लिंबू उचलून पिळलं. रंग गेला. हंड्यातलं तीर्थ दुसऱ्या पेल्यात घेऊन तेच लिंबू त्यांनी त्यात पिळलं. तोही रंग गेला.

"ही देवी नाही, औषध आहे," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा ते माझ्याच हातून सांडलं. मी त्या रात्री वर होते."

"एकटी?" धोंडीबा लोकांकडे वळला. "एकटी बाई रातीला डोंगरावर काय करीत व्हती, इचारा तिला."

"झोपले होते," कलावतीबाई म्हणाल्या. "तुम्ही आता हात दाखवा."

त्यानं हात उपरण्यात घेतले. गोदा पुढे झाली आणि उपरणं ओढून काढलं. मग त्याला बोलावं लागलं: कपारीत सापडलेली बाटली संपल्यावर तो कल्याणहून तशीच पूड आणत होता.

त्याच दुपारी मंजुळाला कल्याणच्या दवाखान्यात नेलं. ती वाचली, पण उपचार पहिल्यापासून सुरू करावे लागले आणि तिचं एक फुफ्फुस कायमचं अधू झालं. शाळेत कलावतीबाईंना खुलासा द्यावा लागला, आईनं बरेच दिवस अबोला धरला. त्याचं त्यांना फारसं वाटलं नाही.

एकदा दवाखान्याच्या बाकावर त्या गोदाला म्हणाल्या, "मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं."

"व्हय, सांगाया पायजे व्हतं," गोदा म्हणाली. तिनं त्यांना माफ केलं नाही. मग म्हणाली, "आन मी बी इचाराया पायजे व्हतं. तोंड मलाबी व्हतं."

धोंडीबासारखे भगत गावोगाव आहेत, आणि ते नुसत्या पुडीवर जगत नाहीत. न विचारणाऱ्यांच्या भाबडेपणावर जगतात आणि जाणणाऱ्यांच्या मौनावरही. म्हणून चमत्कार दिसला की आधी विचारा, हे कसं झालं? तपासून पाहा. औषध सोडा असं देव सांगत नाही, माणूस सांगतो. तो का सांगतो, हेही विचारा. आणि ज्याला खरं ठाऊक आहे, त्यानं ते त्याच दिवशी बोलावं, कितीही लाज वाटली तरी.